टर्बो गाडीला नवा सायलेन्सर बसवताना

गॅरेजच्या बोलीत इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंतच्या साऱ्या नळीला एकच शब्द आहे, सायलेन्सर. आणि टर्बो (बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीच्या बाबतीत निम्मे घोटाळे या एका शब्दामुळेच होतात. मालकाला हवा असतो थोडा भारदस्त आवाज, मेकॅनिक काढून टाकतो भलताच भाग, आणि आठवड्याभरात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी या नळीत कोणता भाग कुठे आहे आणि त्यांपैकी कशाला हात लावायचा, हे पक्के करून घ्यावे. बसवण्याचे काम स्वतःच्या अंगणात, एका मदतनिसाबरोबर, एका सुट्टीच्या दिवशी होण्यासारखे आहे. मात्र ते घाईचे काम नाही.

उदाहरणादाखल मी स्कोडा ऑक्टेव्हियाचे १.८ टीएसआय इंजिन घेतो. २०१३ साली भारतात आलेल्या या तिसऱ्या पिढीच्या ऑक्टेव्हियाची जुळणी औरंगाबादजवळच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या) शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे, त्यामुळे महाराष्ट्रात या गाड्या अजूनही बऱ्याच दिसतात आणि आता वॉरंटीबाहेर गेल्यामुळे त्यांच्यावर प्रयोगही भरपूर होतात. इंजिनाची ताकद १८० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर २५० न्यूटन-मीटर आणि सोबत सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. खाली सांगितलेली पद्धत पोलो, व्हेन्टो किंवा इतर टर्बो पेट्रोल गाड्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

या गाडीत सिलिंडरमधून निघालेले वायू आधी टर्बोच्या पंख्यावर आदळतात. तेथून बाहेर पडल्यावर लगेच डाउनपाइप लागतो आणि त्याच्याच पोटात धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. त्यापुढे जाळीदार लवचीक तुकडा, मग गाडीच्या पोटाखालून जाणारी लांब नळी, तिच्यावरचा आवाजाची घुमघुम कमी करणारा मधला डबा म्हणजे रेझोनेटर, आणि शेवटी मागचा मोठा डबा व बंपरखाली दिसणारी टोके. कन्व्हर्टरच्या मागचा, म्हणजे लवचीक तुकड्यानंतरचा सगळा भाग बदलणे याला या क्षेत्रात कॅट-बॅक म्हणतात. या लेखाचा विषय तेवढाच आहे. डाउनपाइप बदलून कन्व्हर्टर काढून टाकण्याची कृती मी येथे देणार नाही, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

नवा सायलेन्सर नेमके काय देतो

टर्बो नसलेल्या इंजिनात नळीची लांबी आणि जाडी यांना फार महत्त्व असते, कारण तेथे वायूंच्या लाटांचा उपयोग करून सिलिंडर रिकामा करण्याची योजना असते. टर्बोच्या इंजिनात पंखा मध्येच उभा असल्यामुळे त्या लाटांचा जोर बराचसा तेथेच ओसरतो. पंखा फिरतो तो त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांतील तफावतीवर, म्हणून पंख्यानंतरचा मार्ग जितका मोकळा तितके चांगले, हे तत्त्व खरे आहे. ‘थोडा बॅक प्रेशर (नळीत अडून राहणारा दाब) हवाच, नाहीतर पिकअप जातो’ हे गॅरेजमध्ये ऐकू येणारे वाक्य टर्बो गाडीला तरी लागू नाही.

पण त्यावरून नवा डबा बसवताच गाडी पळू लागेल असे समजू नये. टर्बोनंतरचा सर्वांत मोठा अडथळा सहसा कन्व्हर्टरचा असतो आणि तो आपण जागेवर ठेवणार आहोत. शिवाय या इंजिनाचा संगणक टॉर्कच्या हिशेबाने चालतो: चालकाने पेडल दाबून जितका टॉर्क मागितला तितकाच तो देतो, आणि मार्ग मोकळा झाला तर टर्बोला वळसा घालून वायू सोडणारी झडप थोडी अधिक उघडून हिशेब पुन्हा जुळवतो. मूळ प्रोग्रॅमवर चालणाऱ्या गाडीत कॅट-बॅकमुळे मिळणारी ताकद म्हणूनच अगदी किरकोळ असते. प्रोग्रॅम बदलून टॉर्क वाढवावा म्हटले, तर हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स मुळातच २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी घडवलेला आहे, आणि गाडी कारखान्यातूनच त्या मर्यादेवर येते. तेव्हा कॅट-बॅक घ्यायचा तो आवाजासाठी, वजनासाठी, आणि गंजलेल्या जुन्या नळीच्या जागी टिकाऊ नळी यावी यासाठी. अश्वशक्तीसाठी घेतला तर पदरी निराशा येईल.

कायद्याची चौकट

खरेदीच्या आधी हा भाग वाचावा, कारण नंतर वाचून उपयोग नसतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम १९० प्रमाणे आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर गदा अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. प्रवासी मोटारीला विक्रीपूर्वीच्या चाचणीत ७४ डेसिबलची मर्यादा पाळावी लागते, आणि ती चाचणी धावत्या गाडीची, ठरावीक अंतरावरून घेतलेली असते. फोनवरचे अ‍ॅप मागच्या टोकाजवळ धरून आलेल्या आकड्याशी तिची तुलना करता येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. कन्व्हर्टर, दोन्ही सेन्सर आणि मधला रेझोनेटर राहिले पाहिजेत. मागचा डबा खरोखर डबाच असावा, डब्याच्या आकाराची पोकळ नळी नव्हे. पोलिसांनी रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. ते बहुतेक बुलेटचे असतात, पण नियम चारचाकीलाही तोच आहे. विकत घेण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, विमा कंपनीला लेखी कळवावे, आणि मूळ सायलेन्सर काढल्यावर भंगारात देऊ नये.

निवड

धातूपासून सुरुवात करू. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात: अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेले साधे पोलाद, ४०९ जातीचे स्टेनलेस आणि ३०४ जातीचे स्टेनलेस. ४०९ मध्ये क्रोमियम सुमारे ११ टक्के असते. ते वरून तांबूस दिसू लागते पण लवकर आरपार सडत नाही. ३०४ मध्ये क्रोमियम सुमारे १८ आणि निकेल सुमारे ८ टक्के असते, आणि चमक वर्षानुवर्षे राहते. रत्नागिरी-मालवणकडे किंवा मुंबईत समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर लेप दिलेल्या पोलादाचा विचार सोडून द्यावा, कारण लेप टिकला तरी वेल्डच्या सांध्यापाशी तो जळून गेलेला असतो आणि खारी हवा नेमकी तेथून शिरते. ३०४ चा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवावा: तापल्यावर ते ४०९ पेक्षा बरेच जास्त लांबते. तीन मीटरची नळी सरासरी ३०० अंशांनी तापली तर ४०९ ची नळी साधारण १० मिलिमीटर लांबेल आणि ३०४ ची साधारण १५ मिलिमीटर. दीड सेंटिमीटर ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पुढे बसवणीत हा आकडा आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

व्यासाबद्दल बोलायचे तर १८० पीएसच्या या इंजिनाला अडीच इंची, म्हणजे ६३.५ मिलिमीटर बाहेरील व्यासाची नळी पुरेशी आहे. ढोबळ हिशेब करून पाहता येतो. पूर्ण जोरावर हे इंजिन सेकंदाला सुमारे ०.१४ किलो हवा घेते; इंधन धरून आणि वायूंचे तापमान ६०० अंश मानून दीड मिलिमीटर जाडीच्या अडीच इंची नळीत त्यांचा वेग सेकंदाला १२५ मीटरच्या आसपास येतो, जो त्या तापमानातल्या ध्वनिवेगाच्या पाचव्या हिश्शाइतकाच आहे. तीन इंची नळीचे आतले क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट असते आणि वेग ८५ पर्यंत उतरतो, पण त्या बदल्यात आवाज वाढतो, वजन वाढते आणि मागच्या अ‍ॅक्सलपाशी नळी जायला जागा उरत नाही. आपल्याकडच्या गतिरोधकांचा विचार करता नळी अर्ध्या इंचाने खाली लोंबणे हीच मोठी शिक्षा आहे.

नळीचे वळण कसे दिले आहे हे हात फिरवून पाहावे. आत गज घालून वाकवलेल्या नळीचा व्यास वळणावरही सारखा राहतो. दाबून वाकवलेल्या नळीला वळणाच्या आतल्या बाजूस सुरकुत्या पडतात आणि अडीच इंची नळी तेथे दोन इंची होऊन जाते. स्थानिक कारागिराकडून नळी बनवून घेत असाल तर हे आधीच विचारावे, आणि स्टेनलेसचे वेल्डिंग करताना नळीच्या आत आर्गॉन सोडतो का हेही विचारावे. तसे केले नाही तर वेल्ड बाहेरून देखणा आणि आतून जळक्या साखरेसारखा खरबरीत निघतो, व पुढे तेथेच तडा जातो. कोणतेही वेल्डिंग गाडीवर असताना करू नये. करावेच लागले तर बॅटरीची वायर काढून ठेवावी.

आवाजाबद्दल एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. मोकळ्या डब्याचा त्रास जोरात पळवताना होत नाही, तो होतो एकाच वेगात तासन्‌तास जाताना. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्या असताना सेकंदाला सुमारे ६७ स्पंदने. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाट भागात १०० च्या वेगाने जाताना वरच्या गिअरमध्ये इंजिन याच्याच जवळपास फिरत असते, आणि केबिनची पोकळी नेमकी असल्या खालच्या सुरांना घुमते. कानाला हे ऐकू येण्यापेक्षा डोक्यात भरल्यासारखे वाटते. लोणावळा येईपर्यंत मागच्या सीटवरची मंडळी गप्प झालेली असतात. यावर उपाय म्हणून बाजूला एक बंद टोकाची नळी जोडतात, पण तिची लांबी लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश लागते: गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला तर ६७ स्पंदनांसाठी ती जवळजवळ १.९ मीटर भरते. एवढी जागा गाडीखाली नसते. म्हणून मधला रेझोनेटर नसलेला संच, तो कितीही स्वस्त असो, घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तयारी

काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी स्कॅनर लावून संगणकात आधीचे काही दोष नोंदलेले आहेत का ते पाहावे आणि असल्यास लिहून ठेवावे. नाहीतर उद्या दिसणारा दोष कालचा की आजचा हे कळणार नाही. पीयूसी त्याच दिवशी करून घेतली तर तुलनेसाठी आकडेही हाती राहतात. सर्व नट-बोल्टांवर, विशेषतः सांध्याच्या क्लॅम्पवर, गंज सोडवणारे तेल रात्रीच मारून ठेवावे. गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी. टर्बो पेट्रोल इंजिनातील वायू ९०० अंशांपलीकडे जातात आणि कन्व्हर्टर आपली उष्णता तासन्‌तास सोडत नाही.

गाडी उचलणे हा या कामातला सर्वांत मोठा जिवाचा धोका आहे, म्हणून त्याबाबत तडजोड नको. गॅरेजची दोन खांबांची लिफ्ट मिळाली तर सर्वांत उत्तम. घरी करायचे असेल तर जमीन पक्की आणि सपाट हवी, गाडीच्या खालच्या कडेवर कंपनीने दिलेल्या चार जागीच आधार द्यावा, आणि चारही बाजूंना वजन पेलणारे स्टँड लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून पाहूनच खाली शिरावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, विटांवर ठेवलेल्या गाडीखाली, ‘दोनच मिनिटांचे काम आहे’ म्हणूनसुद्धा जाऊ नये. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण वर पाहून काम करताना गंजाचे कण थेट डोळ्यांत पडतात.

हत्यारे फारशी लागत नाहीत: गोट्यांचा (सॉकेटचा) संच आणि लांब दांडा, टॉर्क पान्हा, लोखंड कापायची करवत किंवा ग्राइंडर, कानस, रबरे काढण्याचा पक्कड, सिलिकॉनचा फवारा किंवा साबणाचे पाणी, आणि नळी खालून तोलून धरायला दुसरा जॅक.

जुना संच उतरवणे

पोटाखालची प्लास्टिकची झाकणे आणि नळीखालून आडव्या गेलेल्या पोलादी पट्ट्या आधी काढून घ्याव्यात आणि त्यांचे बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांमध्ये कारखान्यातून आलेली मागची नळी मधल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत अखंड असते आणि ती एका तुकड्यात बाहेर काढणे घरी अवघड जाते. कंपनीने याची सोय केलेली आहे: नळीवर शेजारी-शेजारी तीन खुणा ठोकलेल्या असतात. मधल्या खुणेवर नळी कापायची असते, आणि पुढे कधी ती परत जोडावी लागली तर बाजूच्या दोन खुणांपर्यंत जोडबाही (दोन नळ्यांवर चढवून आवळायचा नळकांड्यासारखा क्लॅम्प) सरकवून बसवायची असते. या खुणा सोडून मनाने कुठेतरी कापले तर मूळ सायलेन्सर परत बसवताना मापे जुळत नाहीत. काप काटकोनात घ्यावा आणि कडा कानशीने साफ कराव्यात.

कापण्याआधी दोन्ही बाजूंना आधार द्यावा. जाळीदार लवचीक तुकड्यावर मागच्या नळीचे वजन लोंबू देणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. हा तुकडा दहा अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नसतो, त्याहून वाकला तर आतली घडी फाटते आणि मग तो तुकडा डाउनपाइपसकट बदलावा लागतो. दुसरा जॅक लाकडी फळी ठेवून मधल्या डब्याखाली लावावा, पुढच्या सांध्याची जोडबाही सैल करून मागे सरकवावी, आणि मग रबरे मागून पुढे अशा क्रमाने सोडवावीत. रबरांवर साबणाचे पाणी मारून पकडीने ढकलले की ती सुटतात. पेट्रोल किंवा ग्रीस लावू नये, रबर फुगते. भेगा पडलेली रबरे याच वेळी बदलावीत. ती स्वस्त असतात आणि नवा सायलेन्सर खडखडतो म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तीच असतात.

सेन्सरना या कामात हात लावायची गरज पडत नाही. पडलीच, तर फक्त आट्यांना तापमान सोसणारे ग्रीस अगदी पातळ लावावे आणि सेन्सरच्या टोकाला ते लागू देऊ नये.

नवा संच चढवणे

या भागाचा सारा मर्म एका वाक्यात आहे: सर्व काही जागेवर येईपर्यंत एकही बोल्ट घट्ट करायचा नाही. पहिला सांधा मनाजोगा आवळून मग मागे जाण्याचा मोह होतो आणि तेथेच नळी पिळवटते. पुढे दोन मिलिमीटरचा कल राहिला तर मागे टोकापाशी तो दोन सेंटिमीटरचा होतो, आणि मग टोक बंपरच्या खाचेत मधोमध आणण्यासाठी लोक रबरे ओढून-ताणून बसवतात.

नवे तुकडे आधी जमिनीवर क्रमाने मांडून घ्यावेत. प्रत्येक नळीत आतून डोकावून पाहावे. कापणीचा चुरा, वेल्डचे थेंब, कधी पॅकिंगचा कागदही आत राहिलेला असतो. मग मधल्या नळीपासून सुरुवात करून तुकडे एकात एक सरकवावेत आणि रबरांत लटकवत मागे जावे. सरकून बसणाऱ्या सांध्यात आतली नळी निदान चार ते पाच सेंटिमीटर आत गेलेली असावी. किती आत गेली हे समजण्यासाठी मार्करने आधीच खूण करून ठेवावी. जुन्या पद्धतीचा इंग्रजी यू आकाराचा क्लॅम्प नळीला चेपून टाकतो आणि तो सांधा पुन्हा कधी सुटत नाही, म्हणून रुंद पट्टीचा क्लॅम्प वापरावा. फ्लँज (बोल्टने जोडायची चपटी कडी) असेल तेथे नवे गॅस्केटच घालावे. गॅस्केटऐवजी साधे सिलिकॉन फासण्याची युक्ती काही ठिकाणी दिसते. एवढी उष्णता ते सोसत नाही, आणि सेन्सरच्या अलीकडे वापरले तर त्याच्या वाफेने सेन्सरच निकामी होतो.

सगळे लटकले की खालून आणि मागून पाहावे. जाळीदार तुकडा सरळ आणि ताणरहित आहे का हे पहिले पाहायचे, कारण हे आडवे बसवलेले इंजिन पेडल दाबताच पुढे-मागे डोलते आणि ते डोलणे पचवणे हेच त्या तुकड्याचे काम आहे. मग मोकळ्या जागा तपासाव्यात. बॉडीपासून निदान दीड-दोन सेंटिमीटर, आणि ब्रेकचे होस, इंधनाची नळी, वायरिंग व प्लास्टिकची टाकी यांच्यापासून त्याहून बरीच जास्त. उष्णता अडवणारे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जागेवर हवेत. ते वाकून नळीला टेकलेले असतील तर हाताने सरळ करावेत, काढून टाकू नयेत. चाके लटकत असताना मागचे सस्पेन्शन वेगळ्या जागी असते, म्हणून अ‍ॅक्सलजवळची मोकळी जागा चाकांवर वजन असतानाही पाहावी लागते: मागच्या चाकांखाली रॅम्प ठेवून किंवा जॅकने सस्पेन्शन वर ढकलून.

आणि आता ते १५ मिलिमीटर. पुढची बाजू इंजिनाला बांधलेली असल्यामुळे तापल्यावर नळी मागेच सरकणार. म्हणून थंड असताना रबरे किंचित पुढे कललेली असावीत, म्हणजे गरम झाल्यावर ती सरळ होतील. आणि मागचा डबा व बंपरचा आतला भाग यांच्यात तेवढी वाट मोकळी ठेवावी. टोके थंड असताना बंपरच्या कडेशी अगदी समपातळीत आणली तर छायाचित्र छान येते, पण गरम झाल्यावर ती बाहेर आलेली दिसतात. टोक फार आत ठेवले तर उलट बंपरचे प्लास्टिक वितळते. खाचेच्या सर्व बाजूंना सारखी फट आणि थंड असताना टोक कडेच्या जरासे आत, हे मला योग्य वाटणारे माप आहे.

इतके जमल्यावर पुढून मागे क्रमाने आवळत जावे, प्रत्येक सांध्याला संचासोबत दिलेला टॉर्क द्यावा आणि दर सांध्यानंतर मागे जाऊन टोकाची फट पुन्हा पाहावी. क्लॅम्पच्या बोल्टची टोके नळीच्या खालच्या कडेखाली येऊ देऊ नयेत, गतिरोधक पहिला त्यांनाच पकडतो. शेवटी स्पिरिटने सगळी नळी पुसून काढावी. स्टेनलेसवर राहिलेले तेलकट बोटांचे ठसे पहिल्या तापण्यातच कायमचे भाजून निघतात. हे वाचून हसू येईल, पण माझ्या गाडीच्या डाव्या टोकावर माझा अंगठा अजून वाचता येतो.

तपासणी

इंजिन सुरू करताना गाडी मोकळ्या हवेत असावी. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पहिली तपासणी थंड इंजिनावरच करावी. मदतनिसाने जाड कापडाची घडी मागच्या टोकावर क्षणभर धरावी आणि आपण प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी मारून बुडबुडे येतात का ते पाहावे. गळती असेल तर फुसफुस ऐकूही येते. कन्व्हर्टरच्या मागच्या गळतीमुळे इंजिनाच्या कामात फरक पडत नाही, म्हणून बरेच जण तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु तोच वायू गाडीच्या पोटाखाली साचून केबिनमध्ये शिरू शकतो. शिवाय गळक्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते, धुरात ऑक्सिजन जास्त दिसतो, आणि पीयूसी यंत्रावरचा लॅम्डाचा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा ०.९७ ते १.०३ या मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नळीवरून थोडा धूर आणि जळका वास येतो. ते कारखान्यातले संरक्षक तेल असते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर जागेवरच गाडी डी आणि आरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, इंजिनाच्या हेलकाव्याबरोबर काही आपटते का ते ऐकावे. मग एखादी छोटी फेरी: ओळखीचे गतिरोधक, एक खड्ड्यांचा रस्ता, आणि दोन हजार फेऱ्यांवर स्थिर वेगात काही मिनिटे. खडखड फक्त गरम झाल्यावर येत असेल तर नळी लांबून कशाला तरी टेकते आहे असे समजावे, फक्त थंड असताना येत असेल तर उष्णतेचा पत्रा पाहावा, आणि फक्त गिअर बदलताना येत असेल तर पुढची फट अपुरी आहे.

दिवा लागायला नको. लागला आणि स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा पी०४२० हा दोष आला, तर तो कॅट-बॅकमुळे आलेला नाही. कन्व्हर्टर आधीच थकलेला असेल किंवा काम करताना मागच्या सेन्सरची वायर ताणली गेली असेल. अशा वेळी सेन्सर आणि नळी यांच्यात लांब नट घालून संगणकाला फसवण्याचा उपाय सुचवणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

साधारण दोनशे किलोमीटर झाल्यावर, गाडी थंड असताना, सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा टॉर्क पान्ह्याने आवळावेत, कारण पहिल्या काही तापण्या-निवण्यांत ते हमखास सैल पडतात. त्याच वेळी सांध्यांभोवती काळी काजळी शोधावी. ती जेथे दिसेल तेथे बारीक गळती आहे. काढलेला मूळ सायलेन्सर, त्याची रबरे आणि जोडबाही एकत्र बांधून, आत उंदीर जाऊ नयेत म्हणून टोकांना कापड कोंबून माळ्यावर ठेवावा.